माझी सही, त्याचा हात

नया बाजार, लश्कर, ग्वाल्हेर
९ सप्टेंबर २०२४

चि. समरजीत,

आशीर्वाद. तुझं पहिलं पत्र पोहोचलं. केपटाऊनच्या खलाशी-केंद्रातल्या नोमसाबाईंनी त्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. मी तो दुकानातून कागदावर छापून आणला, कारण काचेवर पत्र वाचणं मला जमत नाही. हे पत्रही त्याच वाटेने उलटं जाईल आणि तुमचं जहाज बंदरात परत येईपर्यंत बाईंकडे पडून राहील. कप्तान सगळ्यांचे फोन पेटीत कुलूप लावून ठेवतो, असं लिहिलंस. ठीक आहे. तेवढीच पत्र लिहायची सवय लागेल.

तुझ्या पत्रात निम्मी हिंदी आणि निम्मं हवापाणी आहे. हिंदी चालेल, हवापाणी नको. किती वाजता उठतोस, काम नेमकं काय, जेवायला काय, निजतोस कधी, एवढं लिही. मुरारच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बारा वर्षं मशीन सांभाळणारा माणूस मासेमारीच्या जहाजावर काय करणार, असं इथे चारचौघांनी विचारलं. मी म्हटलं, बटाटा असो की मासा, तो गार ठेवायचा, एवढंच तर काम.

एक गोष्ट लक्षात ठेव. पडाव मोहल्ल्यात दौलतसिंहाच्या भरती-कचेरीत तुझ्या हमीपत्रावर मी सही केली आहे. त्याला घरातलं जबाबदार माणूस हवं होतं, आणि तुझे आबा नाहीत, म्हणून मी गेले. दोन वर्षं तू जहाज सोडणार नाहीस, हा मी दिलेला शब्द आहे. आपल्या घरातून फौजेत गेलेला कोणी मुदतीआधी परतला नाही. विश्वासदादाने, तुझ्या आबांनी, लेहला तीन हिवाळे काढले. त्याची सगळी पत्रं माझ्या कपाटात आहेत. थंडी वाजते असं एकातही लिहिलेलं नाही.

सूनबाई उन्नती आणि तुझी लेक श्रुती बऱ्या आहेत. श्रुतीला गणितात पुन्हा कमी गुण पडले. त्याचं मी बघते.

तुझी आत्या,
शालिनी

*

केपटाऊन बंदर
२१ जानेवारी २०२५

ती. आत्यासाहेब,

मुजरा. तुमचं पत्र नोमसाबाईंनी काल हातात दिलं. त्या दर वेळी जहाजावर येतात, साबण आणि लोकरीच्या टोप्या वाटतात. त्या बोलतात तेव्हा आमचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, शेजारीच उभा असतो. पण मराठी त्याला वाचता येत नाही, तेव्हा पत्र बेफिकीर लिहितो.

मी मजेत आहे. सहा दिवस झाले बंदरात, पण खाली उतरलो नाही. पासपोर्ट कप्तानाच्या तिजोरीत आहेत आणि उतरायला पास लागतो. जहाजावरूनच शहर दिसतं. मागे एक डोंगर आहे, वरून अगदी सपाट, आपल्या किल्ल्यासारखा. सकाळी डोळे उघडले की क्षणभर लश्करमध्येच आहे असं वाटतं.

तुम्ही विचारलं म्हणून कामाचं लिहितो. पहाटे लांब दोर समुद्रात सोडायचा, त्याला अडीच-तीन हजार गळ. त्यात पाच तास जातात. मग थोडं थांबून ओढायला घ्यायचा, बारा तास, कधी पंधरा. मी मेकॅनिक, तेव्हा ओढणं माझं काम नाही असं समजून आलो होतो. इथे तसं काही नसतं. ओढून झालं की ट्यूना मासा खालच्या कोठीत जातो. तिथे उणे पन्नास. कोठी माझी, मशीनही माझं. दर दोन तासांनी तापमान लिहायची मुरारची सवय मी सोडलेली नाही. त्याची वेगळी वही केली आहे. कप्तान हसतो, म्हणतो, लिही बाबा. नींद जब मिले तब ले लेते हैं. जेवायला भात आणि गळाला लावायची मासळी.

माझ्याबरोबर जावाचा सुतोमो आहे. वयाने मोठा, मस्करा. तो मला ‘आलू’ म्हणतो, कारण मी एकदा त्याला बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं सांगितलं होतं.

अक्षराला नावं ठेवाल. जहाज हलतं, त्यामुळे आहे. तुमच्या शब्दाची आठवण आहे. उन्नतीला सांगा, तब्येत झकास.

आपला,
समरजीत

*

नया बाजार, ग्वाल्हेर
२३ जानेवारी २०२५

चि. समरजीत,

जहाज सहा दिवस बंदरात बांधलेलं आहे, असं तू वर लिहितोस आणि जहाज हलतं म्हणून अक्षर वाकडं, असं खाली लिहितोस. चौतीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या आहेत मी. मला बनवायला जाऊ नकोस.

हात असा थरथरण्याचं एकच कारण आपल्या घराने पाहिलेलं आहे. तुझ्या धाकट्या काकांच्या सह्या शेवटच्या दोन वर्षांत अशाच झाल्या होत्या. जहाजावर माणसं पितात हे मला माहीत आहे. वयाने मोठा, मस्करा सोबती म्हणजे काय तेही मला कळतं. आजच्या आज सोड. उन्नतीला मी काही सांगितलेलं नाही.

झोप कमी मिळते म्हणतोस. कामावर असलेल्या माणसाला झोप कमीच मिळते.

शालिनी

*

केपटाऊन बंदर
१० जून २०२५, मंगळवार

ती. आत्यासाहेब,

मुजरा. जानेवारीतलं पत्र जहाज सुटायच्या दिवशी मिळालं. पाच महिने उत्तर देता आलं नाही. पण रोज एकदा तरी मनात उत्तर लिहिलं, म्हणून आता सरळ लिहितो.

दारू नाही. दारू तर सोडाच, गोडं पाणीसुद्धा इथे मोजून मिळतं. अक्षर वाकडं होतं, कारण ते डाव्या हाताचं होतं. हेही डाव्याच हाताने लिहितो आहे.

डिसेंबरात कोठीत मासे रचताना हातमोजा फाटला. दुसरा मागितला तर मेट म्हणाला, बंदरात घेऊ. तेव्हा मी वीस तास जागा होतो, हाताला काही कळत नव्हतं. बाहेर आलो तर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढरं, मेणासारखं. मग काळं पडलं. जानेवारीत इथे आलो तेव्हा डॉक्टर मागितला होता. कप्तान म्हणाला, पट्टी बांध. मार्चमध्ये भर समुद्रात मेटने करंगळीचं टोक कापून टाकलं. आता दुसरं बोट सुजलं आहे, सूज तळहातापर्यंत आली आहे आणि रात्री ताप भरतो. मला घाबरवायचं नाही तुम्हाला. आबांसारखंच लिहायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

आता मुख्य गोष्ट. नोमसाबाईंनी साबणाच्या कागदात गुंडाळून एक पत्रक दिलं. मासेमारी जहाजावरच्या माणसांसाठी जगभराचा एक करार आहे. चोवीस तासांत दहा तास विश्रांती, आजाऱ्याला डॉक्टर, प्रत्येकाच्या हातात त्याचा लेखी करार आणि घरी परतायचा हक्क. आमच्या जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, कप्तान तिसऱ्याच देशाचा. पण बंदर ज्या देशाचं, तो देश या करारात आहे. जहाजावरच्या कोणी तक्रार दिली तर इथले अधिकारी जहाज तपासू शकतात. सुतोमो आणि बाकीचे सहा जण सही करायला तयार आहेत, पण म्हणतात, आलू, पहिली सही तुझी. कारण इंग्रजी मलाच येतं आणि वही माझी आहे. कप्तानाच्या कागदावर सगळे रोज दहा तास झोपलेले आहेत. माझ्या वहीत एकाच माणसाच्या हातच्या नोंदी आहेत, दर दोन तासांनी, बावीस-बावीस तास. बाई म्हणाल्या, याहून मोठा पुरावा नाही.

मी सही केली नाही. तुमचा शब्द आहे. मी निघताना दौलतसिंहाने मला तोच कागद दाखवला होता, खाली तुमची सही. म्हणाला होता, देख भाई, मैडमजी ने ज़ुबान दी है. सुतोमोला हे समजावता आलं नाही मला. तो म्हणतो, आत्या जहाजावर आहे का.

शुक्रवारी सकाळी जहाज सुटेल. पुन्हा पाच महिने. तोवर या हाताचं काय होईल, सांगता येत नाही. नोमसाबाई गुरुवारी दुपारी शेवटच्या येतील. मी तक्रार करत नाही, फक्त खरं काय ते कळवलं.

आपला,
समरजीत

*

नया बाजार, ग्वाल्हेर
११ जून २०२५, बुधवार

समरजीत,

आधी हे वाच, बाकीचं नंतर. तक्रारीवर सही कर. पहिली सही तू कर. मी दिलेला शब्द मी काढून घेतला आहे. गुरुवारची वेळ चुकवू नकोस.

आता बाकीचं. तुझं पत्र काल संध्याकाळी आलं आणि आज कचेरी उघडायच्या आधी मी पडावला जिन्यात जाऊन बसले. दौलतसिंह आला, पाया पडला, चहा मागवू लागला. मी म्हटलं, चाय नहीं, वो काग़ज़ लाओ जिस पर मेरी सही है.

“मैडमजी, अब उसका क्या करेंगी. आपने तो पढ़के ही साइन किया था.”

“नहीं पढ़ा था.”

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, “तो फिर इसमें मेरी क्या ग़लती?”

“तुम्हारी ग़लती अलग है, मेरी अलग. पहले मेरी दिखाओ.”

कागद दोन पानी आहे. कामाचे तास जहाजाच्या गरजेप्रमाणे. आजारपणातही जहाज सोडता येणार नाही, आणि सोडू न देण्याची जबाबदारी घरच्यांची. कुठेही तक्रार न करण्याची जबाबदारीसुद्धा घरच्यांचीच. खाली माझं नाव, एम. ए., निवृत्त मुख्याध्यापिका, सगळं ठळक.

मी तेव्हा वाचलं का नाही, हे तुला सांगायला हवं. दौलतसिंहाचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच रिसाल्यात होते, ही ओळख त्याने काढली. म्हणाला, आपकी सही से बड़ा काग़ज़ कौन सा. मला ते ऐकून बरं वाटलं. आपल्यासारख्या घरांना अजून असंच वाटतं की वाचायला मागितलं तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. शब्द दिला की दिला. पण मी शब्द दिला तो तुझ्या हातापायांचा, तुझ्या झोपेचा, तुझ्या तोंडाचा. त्यातलं माझं काय होतं? वेठबिगारीला बंदी करणारं घटनेचं तेविसावं कलम मी नागरिकशास्त्राच्या तासाला सत्तावीस वर्षं शिकवलं, आणि स्वतःच्या भाच्याला वेठीला धरणाऱ्या कागदावर फुली मारावी तशी सही करून आले.

आज त्याच कागदावर, त्याच्या समोर, मी लिहिलं: ही हमी मी न वाचता दिली, ती मला देण्याचा अधिकार नव्हता, आणि आजपासून ती रद्द. तारीख, वेळ, सही. त्याचा फोटो सोबत पाठवत आहे, म्हणजे कप्तानाने तो जुना कागद काढलाच तर दाखवता येईल. तो कागद तसाही कोणत्याच न्यायालयात टिकला नसता, असं एका वकिलांनी आज सांगितलं. पण तो तुझ्या मनात टिकला, आणि तिथे तो मीच नेऊन ठेवला होता.

जानेवारीत मी तुला दारूबद्दल लिहिलं. त्याऐवजी हाताला काय झालं एवढं विचारलं असतं तर तू बंदरातच होतास. याची माफी मागते. सुतोमोचीही. त्याला सांग, आत्या जहाजावर नाही, आणि त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता.

थंडी वाजते असं दादाने कधी लिहिलं नाही, हे मी तुला फार अभिमानाने सांगितलं होतं. त्याच्या पायांची दोन बोटं लेहलाच गेली होती. ते आम्हाला तो गेल्यावर कळलं. तुला मी तेवढी अर्धी गोष्ट सांगितली नव्हती.

सही कर.

शालिनी

*

खलाशी-केंद्र, केपटाऊन
२९ जून २०२५

ती. आत्यासाहेब,

मुजरा. उशीर झाला, कारण मध्ये नऊ दिवस इस्पितळात होतो. ते बोट दुसऱ्या पेरापर्यंत काढलं. हात वाचला. डॉक्टरीण म्हणाली, अजून एक फेरी केली असतीस तर हात कोपरापासून कापायचं बोललो असतो आपण. तिने हे हसत सांगितलं, मलाही हसू आलं, पण मग बराच वेळ मी त्या हाताकडेच बघत बसलो.

कसं झालं ते सांगतो. गुरुवारी दुपारी नोमसाबाई आल्या. त्यांनी टोप्यांच्या पिशवीतून तुमचं पत्र दिलं. मेटने विचारलं, काय आहे. मी म्हटलं, घरचं पत्र आहे, आत्या रागावली आहे. तो म्हणाला, माझीही आई अशीच लिहिते. मी संडासात जाऊन वाचलं. बाहेर येऊन डाव्या हाताने सही केली. माझ्यामागे सात सह्या झाल्या. सुतोमोने आपलं नाव इतकं मोठं लिहिलं की बाकीच्यांना जागाच उरेना.

संध्याकाळी दोन अधिकारी आले, एक बाई आणि एक गृहस्थ. कप्तानाने विश्रांतीचं रजिस्टर दाखवलं. सगळ्यांच्या नावापुढे रोज दहा तास, सगळं एकाच पेनाने. मग मी माझी वही दिली. त्या बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून एकेक तारीख बोटाने धरून वाचली. एका ठिकाणी थांबून मला विचारलं, तुम्ही इथे पहाटे चारला तापमान लिहिलं, सहाला लिहिलं, आठला लिहिलं, मग दहाला का नाही? मी म्हटलं, मॅडम, दहाला मी मशीनजवळ पडलो होतो, सुतोमोने उचललं. त्यांनी ते लिहून घेतलं. शुक्रवारी जहाज सुटलं नाही. अजून तिथेच बांधून आहे. तिजोरी उघडली, पासपोर्ट आमच्या हातात आले. फोटोतला मी केवढा जाड होतो.

पहिल्या रात्री इथे सलग अकरा तास झोपलो. उठलो तर बाकीचे सातही जण खोलीत नुसते बसलेले. कोणालाच कळेना, आता काय करायचं असतं.

तुमचं पत्र मी नोमसाबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा आत्या आमच्याकडेही आहेत, पण चुकलं म्हणून लिहून देणारी पहिल्यांदा पाहिली. आत्यासाहेब, ते पत्र नसतं तर मी सही केली नसती, हे मला माहीत आहे. तुमचे उपकार कसे फेडू असं लिहिणार होतो, पण तुम्ही म्हणाल, हवापाणी नको. म्हणून एवढंच, की हात आहे.

आता एक गोष्ट. मला पाच तारखेचं घरचं तिकीट देतात. तो माझा हक्क आहे. पण चौकशीची सुनावणी वीस ऑगस्टला आहे. ही वही माझी, या नोंदी अशा अशा केल्या, हे समोर बसून सांगणारा माणूस हवा. बाकीच्यांना ते इंग्रजीत सांगता येणार नाही. मी गेलो तर कप्तानाचा वकील म्हणेल, वही खोटी आहे. मला थांबायचं आहे. उन्नतीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. तुम्ही म्हणाल तसं करतो, असं लिहायला बसलो होतो. ते खोडलं. थांबायचं ठरवलं आहे, तुम्हाला कळवतो.

आपला,
समरजीत

*

नया बाजार, ग्वाल्हेर
२ जुलै २०२५

चि. समरजीत,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे. उजव्या हाताने लिहिलेलं दिसतं.

नोमसाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना वेगळं पत्र इंग्रजीत लिहिलं आहे, तीन वेळा लिहून तीन वेळा फाडलं. कोणत्याही नात्याशिवाय एक बाई परक्या जहाजाची शिडी चढते, साबणाच्या कागदात कायदा गुंडाळून नेते आणि माझ्या घरचा माणूस उतरवून आणते, याला काय म्हणावं, हे मला कोणत्याच भाषेत नीट सुचलं नाही. शेवटी सरळ आभार मानले. त्या अधिकारी बाईंचं नाव कळलं तर त्यांनाही लिहीन.

दौलतसिंहाकडे जहाजावर माणसं पाठवायचा परवानाच नाही, हे आता लेखी हातात आहे. त्याची तक्रार दिली आहे आणि तिचा पाठपुरावा करते आहे. त्याच्याकडून पुढच्या महिन्यात निघणारे दोघे, भिंडचे, परवा माझ्याकडे बसून आपले कागद वाचून गेले. एकाने जाणं रद्द केलं. दुसरा म्हणाला, मी जाईन, पण दुसऱ्या मार्गाने, आणि झोपेचे तास आधी लिहून घेईन. मला दोन्ही पटलं.

आता तुझ्या थांबण्याचं. काल उन्नती आली होती. बसली, पाणी प्यायली, म्हणाली, “आत्यासाहेब, तुम्ही एक ओळ लिहा. तुमचं ते ऐकतात. पाच तारखेला घरी या, एवढंच लिहा.”

मी म्हटलं, “लिहिलं तर तो येईल, हे खरं आहे.”

“मग?”

“म्हणूनच लिहिणार नाही.”

ती रागावली. वर्षभर एकटीने घर ओढणारी बाई आहे, रागावायचा तिला हक्क आहे. म्हणाली, पहिल्यांदा तुमच्या सहीने गेले, आता तुमच्या गप्प बसण्याने राहतील, मला कोण विचारणार? खरंच तिला कोणी विचारलं नव्हतं. दौलतसिंहाने नाही, तू नाही, मी तर नाहीच. तुझ्या दोन पत्रांतला प्रत्येक शब्द मी तिला काल वाचून दाखवला, बोटांचंसुद्धा. ते तिला पूर्ण माहीत नव्हतं. तिने ती पत्रं हातात घेऊन पुन्हा वाचली. मग विचारलं, सुनावणीत सुतोमोला कोणी प्रश्न विचारला तर त्याच्या बाजूने कोण बोलणार. मी म्हटलं, समरजीत असला तर समरजीत.

माझं म्हणणं एवढंच. तू थांबलास तरी मला तुझा अभिमान आहे, आणि आलास तरी तेवढाच. यातलं काहीही कर म्हणून मी सांगणार नाही. जानेवारीतलं माझं पत्र वाचूनसुद्धा तू मला खरं लिहिलंस, याबद्दल मी तुझे आभार मानते. आपल्या घरात मोठ्यांनी लहानांचे आभार मानायची रीत नाही. मी आज ती पाडते.

खाली थोडी जागा सोडली आहे. उन्नती शेजारी बसली आहे, पेन तिच्या हातात देते.

शालिनी

*

तिकीट पुढच्या तारखेचं करून घ्या, आणि ती तारीख मला लेखी पाठवा. मी थांबते. सगळं सांगून या, काही पोटात ठेवून येऊ नका. डाव्या हाताने जेवता का अजून?

उन्नती